बोरदरीच्या टाकीवरचा अँटेना

मी अँटेना. सांगोला तालुक्यात टेकड्यांच्या बेचक्यात बोरदरी नावाचं गाव आहे, तिथल्या पाण्याच्या टाकीवर मी बसलोय. एसटीनं आलात तर खिंडीतून उतरताना आधी मीच दिसेन. माशाचा काटा आडवा धरावा तसा माझा आकार. पूर्वी घराघरांच्या छपरांवर टीव्हीचे अँटेना असायचे, त्यांच्याच जातीचा मी. पण मी टीव्हीसाठी बनलो नव्हतो. टीव्ही जी जागा सोडून गेला, तिच्यासाठी बनलो होतो.

आधीच सांगून टाकतो, माझ्या गोष्टीचा शेवट चांगला नाही. आणि ती माझी तरी कुठं आहे? ती सायराबानूची आहे. मी वरून पाहिली, वायरीतून ऐकली, एवढंच.

माझ्या नळ्या पुण्याकडच्या एका कारखान्यात कापल्या, पण मला उभं केलं ते सोमेशनं. सोमेश सोलापूरचा. तिथल्या एका लहानशा संस्थेत तो इंजिनिअर होता. संस्थेच्या गच्चीवर माझी चाचणी चालायची तेव्हा बघायला येणाऱ्या प्रत्येकाला तो न कंटाळता समजावून सांगायचा. टीव्ही पूर्वी मनोऱ्यांवरून, हवेतून यायचा. त्याच्यासाठी हवेतल्या लहरींचे पट्टे राखून ठेवले होते. मग डिशच्या छत्र्या आल्या, केबल आली, मनोरे एकेक करून बंद पडले. पट्टे मात्र राखीवच राहिले. त्यांच्यावर कुणी बोलत नाही, गात नाही. आणि त्या लहरी मोठ्या चिवट. टेकडी आडवी आली तर वळसा घालतात, झाडं आली तर पार होतात. त्यांच्यावरून इंटरनेट सोडलं तर जिथं मोबाइलचा टॉवर कधीच होणार नाही तिथंही पोचेल.

संस्थेला सरकारकडून प्रयोगापुरती परवानगी मिळाली होती, ठरावीक मुदतीची. ही मुदतीची गोष्ट सोमेश सांगायचा, पण भरभर सांगायचा आणि पुढं जायचा.

बोरदरी त्यानंच निवडली. गावाला तिन्ही बाजूंनी टेकड्या. टॉवरवाले येऊन बघून गेले होते. घरं थोडी, परवडत नाही म्हणाले. फोन करायचा तर माणसं खिंडीपर्यंत चढून जायची. तिथं बोलण्यापुरती रेंज मिळायची. खिंडीत ज्याचा त्याचा दगड ठरलेला होता. कुणाचं लग्न जमलं, कुणाच्या घरी मयत झालं, डाळिंबाला काय भाव आला, सगळं आधी खिंडीत कळायचं आणि मग गावात उतरायचं.

मला टाकीवर चढवलं त्या दिवशी सगळा गाव खाली उभा होता. ह्याच्यावर कुठली मालिका लागणार असं बायांनी विचारलं. टाकीच्या पायथ्याशी अंगणवाडी आहे. तिथल्या सेविका गोजाबाई यांनी माझ्या डब्यासाठी, म्हणजे फोनना इंटरनेट देणाऱ्या यंत्रासाठी, खोलीतला एक कोपरा रिकामा करून दिला, आणि धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर स्वतः विणलेला रुमाल घातला. डबा खाली, मी वर, मधे वायर. त्या वायरीतून खोलीतलं सगळं मला कळायचं.

पहिले काही दिवस गावानं मला हावऱ्यासारखं वापरलं. पोरं नाच बघायची. म्हातारे भजनं लावायचे आणि ऐकता ऐकता पेंगायचे. पुण्याला कामाला गेलेला लेक समोर दिसला की बाया आधी पदर सावरायच्या, मग बोलायच्या. बोलणं संपलं तरी फोन कुणी बंद करायचं नाही. दोन्हीकडची माणसं नुसती एकमेकांकडे बघत बसायची. माणसांना बोलण्यापेक्षा दिसण्याचीच भूक जास्त असते, हे मला तेव्हा कळलं.

सायराबानू सगळ्यांच्या शेवटी आली.

राजेसाब मुलाणीची ती बायको. राजेसाब शेळ्यांची ने-आण करायचा, पिकअप घेऊन बाजारा-बाजारानं फिरायचा. सायराबानू डाळिंबाच्या बागांत कामाला जायची. त्या दिवशी तिनं लेकीला मनगटाला धरून आणलं होतं. आयेशा तिचं नाव. सहा वर्षांची होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं.

घरात ते कळायलाच उशीर झाला होता. मागं पातेलं पडलं तरी पोर दचकत नाही, हे आधी आजीनं ओळखलं. मग सोलापूरच्या दवाखान्यांच्या खेपा झाल्या. कानाला यंत्र लावून पाहिलं, त्याचा उपयोग झाला नाही. ऑपरेशनचं वय निघून गेलं म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. त्यामुळं आई आणि लेक यांच्यात खुणा होत्या त्या एवढ्याच: जेव, झोप, ये, नको. बाकी सगळं ओढाओढी आणि किंचाळणं.

गाव आयेशाला येडी म्हणायचा. त्याला एक कारणही झालं होतं. तिचे दादा, म्हणजे राजेसाबचे वडील, वारले. पोरीचा त्यांच्यावर फार जीव. चार शेजाऱ्यांनी त्यांना खांद्यावर घेऊन नेलं आणि रिकाम्या हातांनी परत आले, एवढंच तिनं पाहिलं. तेव्हापासून ती चार माणसं दिसली की ती दगड मारायची. एकाचं कपाळ फुटलं. मग सायराबानू कामाला जाताना तिला जुन्या ओढणीनं बाजेच्या पायाला बांधून जाऊ लागली. हे तिनं नंतर स्वतःच सांगितलं, मान खाली न घालता. दुसरं काय करणार होती ती?

तर ती सोमेशला म्हणाली, "दादा, आवाज न्हाय आला तरी चालंल. ह्याच्यात हात दिसत्यात का?"

सोमेशला कळेना.

"हात. बोटं. हलताना सुटी सुटी दिसाय पायजेत."

सोलापूरच्या दवाखान्यात तिनं एक बाई पाहिली होती. बाकावर बसून ती एका बहिऱ्या मुलाशी नुसत्या हातांनी बोलत होती, आणि मुलगा हसत होता. त्या शिवलीलाबाई. बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायच्या, सोलापुरातच, जुळे सोलापूर भागात राहायच्या. त्यांचे आईवडील दोघंही बहिरे. हातांची भाषा त्या कन्नड आणि मराठीच्याही आधी शिकल्या होत्या. त्यांच्या शाळेत राहायची सोय नव्हती, आणि बोरदरीहून रोज जाणं शक्य नव्हतं. खिंडीत फोन लावून शिकवायचं त्यांनी करून पाहिलं. चित्र अडकायचं, बोटांचा नुसता चिखल दिसायचा.

सोमेशनं खोलीत बसून फोन लावला. शिवलीलाबाई दिसल्या. त्यांनी दोन्ही हात वर करून बोटं एकेक हलवली. सुटी सुटी दिसली.  सायराबानूनं लेकीला पुढं बसवलं आणि स्वतः तिच्या मागं बसली.

मग पोरं घरी गेली की गोजाबाईंच्या खोलीत शिकवणी सुरू व्हायची. राजेसाबचा जुना फोन खाऊच्या डब्याला टेकवून ठेवायचा. शिवलीलाबाई हात उठून दिसावेत म्हणून गडद साडी नेसून बसायच्या. त्यांची अट एकच होती. पोरगी एकटी शिकणार नाही, आईसुद्धा शिकेल. भाषा एकट्यानं बोलता येत नाही, असं त्या म्हणायच्या.

आयेशा आधी फोनच्या मागं जाऊन बघायची, बाई कुठं लपलीय म्हणून. मग कधीतरी तिनं बोट उचललं. मग दुसरं. पाऊस, शेळी, भाकरी, लाल, गोड, उद्या. 'उद्या' तिला फार आवडला. उद्या असं काही असतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

ह्या भाषेत माणसाचं नाव त्याच्या एखाद्या खुणेवरून ठेवतात. शिवलीलाबाईंनी आयेशाचं नाव तिच्या गालावरच्या खळीवरून ठेवलं. आणि आयेशानं आईचं नाव ठेवलं. नाकावर एक बोट टेकवायचं, चमकी असते तिथं. एकदा सायराबानू टाकीखाली नळावर पाणी भरत होती. पोरगी पलीकडं पाराजवळ उभी राहिली, हात हलवून तिचं लक्ष वेधलं आणि नाकावर बोट टेकवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं पदर न ओढता, लांबून, आईला नावानं हाक मारली होती. घागर भरून वाहत राहिली. गोजाबाईंनी येऊन नळ बंद केला.

आणि मग एका दुपारी पोरीनं विचारलं. चार माणसं. खांद्यावर बाज. दादा. कुठं ठेवला?

सायराबानूचे हात मांडीवरच राहिले. तिनं फोनमधल्या बाईंकडं पाहिलं. शिवलीलाबाई तोंडानं म्हणाल्या, "तुम्हीच सांगा. माझ्याकडनं तिला कळणं बरं नव्हे."

"मरणाचा शब्द मला येत न्हाय, मॅडम."

बाईंनी तो दाखवला. सायराबानूनं तो आधी स्वतःशी एकदा करून पाहिला. मग लेकीकडं तोंड करून बसली आणि सावकाश सांगितलं. माणसांनी पळवलं नाही. दादा आजारी होता. दादा मेला. मातीत ठेवला. आयेशानं विचारलं, उठणार कधी? आई म्हणाली, उठणार नाही. उद्या? उद्याही नाही.

पोर रडली. किंचाळली नाही, आपटून घेतलं नाही. माणसं रडतात तशी रडली. शुक्रवारी राजेसाब तिला कबरीवर घेऊन गेला. ही शिकवणी म्हणजे हातवारे आणि फुकाचा खेळ, असं तोवर तो म्हणत आला होता. परत आल्यावर तो गोजाबाईंच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मला बी दोन-चार शब्द शिकवा." त्या दिवसानंतर आयेशानं कुणाला दगड मारला नाही.

मला तेव्हा वाटलं होतं, की आपण ह्याच्यासाठीच बनलो. वस्तूला असं वाटू नये.

सोमेश आला तेव्हा एकटाच आला. गाडीतून उतरल्यावर त्यानं माझ्याकडं वर पाहिलं नाही. खोलीत बसून त्यानं सांगितलं. प्रयोगाची मुदत संपली. वाढवून मिळावी म्हणून संस्थेनं वेळेत अर्ज केला होता, पुन्हा केला, संस्थेची माणसं जाऊन अधिकाऱ्यांना भेटली. ह्या पट्ट्यांचं पुढं काय करायचं ते वर अजून ठरलेलं नाही, आणि ठरेपर्यंत कुणालाच वापरता येणार नाही, असं उत्तर आलं. चालू ठेवलं तर गुन्हा होईल.

 सायराबानूनं विचारलं, "आमच्यामुळं कुणाचा टीव्ही बंद पडला का?"

"नाही भाभी."

"मग कुणाला तरी दिली असंल ती जागा."

"कुणालाच नाही दिली."

"म्हंजे रिकामीच ऱ्हाणार?"

"रिकामीच."

 तिला तो खोटं बोलतोय असं वाटलं असावं. तो खोटं बोलत नव्हता. त्यानं रुमाल उचलला, घडी करून गोजाबाईंच्या हातात दिला, आणि माझी वायर डब्यातून काढली. डबा तो घेऊन गेला. मला उतरवायला माणसं पाठवतो म्हणाला. ती कधी आली नाहीत.

तेव्हापासून खोलीतलं मला ऐकू येत नाही. टाकीखाली जे दिसतं, नळावर जे बोललं जातं, तेवढंच कळतं. पुढचं त्यावरून सांगतोय.

सायराबानू पुन्हा लेकीला घेऊन खिंडीत जाऊ लागली. चित्र अडकायचं. बाईंचा हात अर्ध्यावर थांबायचा, आणि तो खाली येईल म्हणून आयेशा वाट बघत बसायची. बाई आपल्यावर रागावल्या असं तिला वाटायचं. शिवलीलाबाई रविवारच्या एसटीनं येऊन गेल्या, पुन्हा आल्या. पण त्यांची म्हातारी आई अंथरुणाला खिळली आणि त्यांचं येणं थांबलं. सोमेश कार्यालयांच्या पायऱ्या झिजवत राहिला. शेवटी त्याची संस्थाच बंद पडली आणि तो नोकरीसाठी हैदराबादला गेला.

घरी सायराबानू तिला येत होतं तेवढं शिकवत होती. पण पोरीचे प्रश्न वाढत होते आणि आईचे शब्द तेवढेच होते. आभाळ कुठं संपतं, शेळी का विकली, मला ऐकू का येत नाही. उत्तर आलं नाही की आयेशा आईचे हात धरून हलवायची, बंद पडलेल्या वस्तूला हलवतात तसे. मग पुन्हा आपटणं सुरू झालं.

वसतिगृहाची शाळा शिवलीलाबाईंनीच शोधून दिली, लातूरकडं. राजेसाब नको म्हणत होता. पोर लहान आहे, तिकडं तिचं कोण, असं त्याचं म्हणणं. नळावर उभं राहून सायराबानूच त्याला म्हणाली, "माझ्याजवळचं शब्द संपलं. पोरीला उपाशी ठेवल्यावानी वाटतंय मला."

आयेशा गेली. गावातल्या बाकीच्या आया खिंडीत जाऊन लेकरांशी बोलायच्या. सायराबानू कशी बोलणार? बहिऱ्या मुलीला आवाज पाठवून काय करायचं? तिला हात दिसायला हवे होते, आणि खिंडीत हात दिसत नव्हते. ती वसतिगृहाच्या बाईंना फोन करायची. पोरगी खुशाल आहे, जेवते, शिकते, असं कळायचं.

सुट्टीला आयेशा आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. टाकीच्या पायरीवर बसून ती आईला सांगत होती. हात कसे चालत होते तिचे! शाळा, मैत्रिणी, कुणाची तरी खोडी, कसलीशी भीती, सगळं एका दमात असावं. सायराबानूला मधूनच एखादा शब्द कळायचा. ती हसत होती, मान हलवत होती. पोरीच्या ते लक्षात आलं. तिनं हळू सांगून पाहिलं. पुन्हा सांगून पाहिलं. मग थांबली. पुढचे दिवस ती आईशी बोलायची ते जेव, झोप, ये, नको, एवढंच. रागानं नाही. आईला त्रास नको म्हणून.

परत जाताना राजेसाब तिला सोडायला निघाला. एसटी टाकीखालीच थांबते. खिडकीत बसल्यावर आयेशानं आईकडं पाहून हातांनी काहीतरी सांगितलं. लांबलचक होतं ते. बसच्या टपामुळं मला तिचे हात दिसले नाहीत. मला सायराबानू दिसली. ती मान हलवत होती, सगळं कळल्यासारखी. बस सुटली.

बस खिंडीपार गेली तरी ती तिथंच उभी होती आणि पाहिलेले हात पुन्हा पुन्हा करून बघत होती, विसरू नये म्हणून. गोजाबाई बाहेर आल्या तेव्हा तिनं विचारलं, "मावशी, काय म्हणाली ओ पोरगी?"

"मला काय कळतंय त्यातलं, सायरा?"

ती तशीच खिंड चढून गेली. शिवलीलाबाई दिसल्या, पण चित्र अडकलं. मग तिनं ते हात तोंडानं सांगितले. असा वर नेला, असा फिरवला. खाली आल्यावर गोजाबाईंना तिनं बाईंचं उत्तर सांगितलं. बाई म्हणाल्या, सुरुवातीच्याचा काही अर्थ लागत नाही. शेवटचं, मनगट छातीकडं वळलं असेल तर 'मला लवकर न्यायला ये'. बाहेर वळलं असेल तर 'मला न्यायला येऊ नको'.

"मग कुटं वळलं हुतं?" गोजाबाईंनी विचारलं.

सायराबानूला ते आठवेना.

वसतिगृहाच्या बाईंनी आयेशालाही विचारून पाहिलं. तिनं खांदे उडवले. लेकरं एका गोष्टीत फार दिवस राहत नाहीत.

आता माझ्या नळ्या काळ्या पडल्यात. एका नळीवर होल्यांनी घरट्यासाठी काटक्या आणून टाकल्यात. शेजारी नवी टाकी उभी राहतेय. ती झाली की ही पाडतील आणि मी भंगारात जाईन. त्याचं मला काही नाही. पण जाण्याआधी, तुमच्यापैकी कुणाचं वरपर्यंत चालत असेल तर एवढं विचारा, की ते पट्टे राखून ठेवलेत ते कुणासाठी? मी रात्रंदिवस त्यांच्यातच उभा आहे. तिथं कुणी नाही. एक शब्दसुद्धा नाही.

रोज संध्याकाळी सायराबानू नळावर येते. घागर भरायला लावते, तोवर तिचे हात मोकळे असतात. मग ती एकदा मनगट छातीकडं वळवते, एकदा बाहेर वळवते, आणि त्याच्याकडं बघत राहते. घागर भरली की उचलून घरी जाते.